सुटीचा वाटा आणि मंदीचे भय

कोकणात काय किंवा देशावर काय, भाऊबंदांच्या वाटण्या होत तेव्हा विहिरीचा प्रश्न नेहमी निराळ्या रीतीने सोडवावा लागे. जमिनीचे तुकडे पाडता येतात, भांडीकुंडी मोजून देता येतात, आंब्याची कलमेही निम्मी निम्मी करता येतात. पण विहीर काही चिरता येत नाही. म्हणून तिची वाटणी काळाने करीत. थोरल्याची मोट अमुक दोन दिवस, मधल्याची पुढचे दोन दिवस, धाकट्याची त्यानंतर, अशी ज्याची त्याची पाळी ठरे आणि ती कागदावर चढे. देवस्थानांतील पूजेची पाळीही याच जातीची. वस्तू एक, धनी अनेक, आणि प्रत्येकाचा धनीपणा ठरावीक दिवसांपुरता. परदेशांत उदय पावलेली आणि गेल्या चाळीस वर्षांत आपल्याकडील मध्यमवर्गात रुजलेली ‘टाइमशेअर’ नावाची जी व्यवस्था आहे, तिचे तत्त्व ह्या पाळीहून फारसे भिन्न नाही. थंड हवेच्या ठिकाणी एक सुसज्ज निवासस्थान असावे, त्याचे वर्षाचे बावन्न आठवडे बावन्न कुटुंबांत वाटावेत, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या आठवड्यात तेथे जाऊन यजमानाच्या थाटात राहावे, एवढाच तिचा मूळ आशय. फरक इतकाच की विहिरीची पाळी पोटासाठी होती आणि ही हौसेसाठी आहे. हा फरक लहान दिसतो. परंतु दिवस फिरले म्हणजे सगळे गाडे नेमके ह्याच ठिकाणी अडते.

ह्या व्यवस्थेच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वताच्या परिसरात बर्फावरील खेळांसाठी जाणाऱ्या लोकांना हॉटेलची खोली दरवर्षी भाड्याने घेण्याऐवजी तिच्यातील हक्कच विकत घ्या, असे सुचविण्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या हापीमाग ह्या संस्थेने तर सभासदांच्या भागभांडवलातून निवासस्थाने उभारून ती सर्वांनी आळीपाळीने वापरण्याची पद्धत सुरू केली. परंतु हा प्रकार खऱ्या अर्थाने फोफावला तो अमेरिकेत, आणि तोही भरभराटीच्या नव्हे तर पडत्या काळात. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले, तेलाची नाकेबंदी झाली, आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बांधकाम व्यावसायिकांनी श्रीमंतांच्या विश्रांतीसाठी ओळीने सदनिका बांधून ठेवल्या होत्या. त्या घेण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा एक अख्खी सदनिका एका धनिकाला विकण्याऐवजी तिचा एकेक आठवडा पन्नास सामान्य कुटुंबांना विकावा, अशी युक्ती निघाली. १९७४ साली एकमेकांच्या आठवड्यांची अदलाबदल करून देणारी आरसीआय ही संस्था इंडियानापोलिस येथे निघाली, आणि ज्याचा वाटा फ्लोरिडात त्याला अन्यत्र जाण्याची सोय झाली. तात्पर्य, टाइमशेअरच्या धंद्याला मंदी नवी नाही. मंदीनेच त्याला पोसले. त्या धंद्याचा गिऱ्हाईक मात्र प्रत्येक मंदीत नव्याने घाबरतो.

भारतात ही कल्पना १९८६ साली स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स ह्या मद्रासच्या कंपनीने प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली. कोडाईकनाल हे तिचे आरंभीचे ठिकाण. पुढे १९९६ साली महिंद्र उद्योगसमूहाने ह्या क्षेत्रात पाऊल टाकले आणि ‘क्लब महिंद्रा’ हे नाव घरोघर पोहोचले. मुन्नार, उटी, मडिकेरी, गोवे, महाबळेश्वर ह्या नावांना एक नवीच झळाळी आली. सदस्यत्व पंचवीस वर्षांचे. वर्षातील सात दिवस. हंगामांना जांभळा, तांबडा, पांढरा व निळा असे रंग. त्यांतला जांभळा सर्वांत महाग, कारण त्यात मुलांच्या शाळांच्या सुट्या आणि नाताळ येतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लोक बोलताना सहज ‘टाइमशेअरचे मालक’ म्हणतात. परंतु भारतातील बहुतेक करारांत मालकी कसलीच मिळत नाही. मिळतो तो केवळ ठरावीक वर्षे वापरण्याचा हक्क. विहिरीच्या पाळीत जमिनीचा वाटा होता, पूजेच्या पाळीत वतन होते. ह्या पाळीत कराराच्या कागदापलीकडे हाती काही नसते.

विक्रीची रीतही सांगण्यासारखी आहे. बाजारात किंवा पेट्रोलपंपावर एक चिठ्ठी भरून घेतात. चार दिवसांनी दूरध्वनी येतो की आपले नाव निघाले आहे, भेटवस्तू नेण्यास सपत्नीक या. ‘सपत्नीक’ ह्या शब्दावर फार जोर असतो, कारण ‘घरी विचारून सांगतो’ ही मराठी माणसाची हुकमी ढाल तेथे निकामी करावयाची असते. मग एखाद्या हॉटेलातील दालनात एक तरतरीत तरुण समोर बसून कागदावर आकडे मांडतो. आज खोलीचे भाडे इतके, दहा वर्षांनी तितके, पंचवीस वर्षांनी पाहा केवढे. तेव्हा पुढच्या पंचवीस वर्षांच्या सुट्या आजच्याच भावाने घेऊन टाका. ह्या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याचा आधार कोणता हे पाहावे. तो आधार महागाईच्या भयाचा आहे. गिऱ्हाईक सही करतो तो भाव वाढतील ह्या भीतीने. आणि पुढे त्याच सहीचा पश्चात्ताप करतो तो उत्पन्न घटेल ह्या भीतीने. महागाई आणि मंदी ही दोन भिन्न संकटे आहेत. पहिल्यावर काढलेला हा तोडगा दुसऱ्याच्या वेळी गळ्यात धोंड होऊन बसतो, ही गोष्ट त्या दालनात कोणी सांगत नाही, आणि विचारीतही नाही.

बंगळूरच्या दक्षिणेस जयनगर ही वसाहत आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना १९४८ साली तिची कोनशिला बसली. अशोकस्तंभ आजही तेथे उभा आहे. रुंद रस्ते, सावलीची झाडे, ठिकठिकाणची उद्याने आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे ब्लॉक अशी तिची नेटकी आखणी आहे. टिळकनगर नावाची वस्तीही तिला लागूनच आहे. मराठी माणसाचा ह्या शहराशी संबंध जुना. १६३८ पासून बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. तेव्हाची घराणी येथलीच होऊन गेली. त्यांच्याखेरीज स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, टेलिफोन कारखाना, घड्याळांचा कारखाना, बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये ह्यांच्या नोकऱ्यांनिमित्त पुण्यामुंबईहून, बेळगावाहून, सोलापुराहून आलेली कुटुंबेही दक्षिण बंगळुरात स्थिरावली. आणि १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळुरास आली तेव्हापासून संगणकाच्या धंद्याने ह्या शहराचा कायापालट झाला, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

जयनगरसारख्या वस्तीत टाइमशेअरला गिऱ्हाईक मिळाले नसते तरच नवल. भूगोल अनुकूल, कारण मडिकेरी पाचसहा तासांच्या वाटेवर, उटी त्याच्या थोडी पलीकडे. उत्पन्न नियमित. मुले शाळेत. आणि आणखी एक कारण, जे थोडे सूक्ष्म आहे. परप्रांतात स्थायिक झालेल्या कुटुंबाचे गावचे घर हळूहळू सुटते. आजी-आजोबा जातात, वाडा विकला जातो, मामाच्या गावाला जाण्याची चाल मुलांपुरती संपते. मे महिन्यात हक्काने जाऊन उतरावे असे ठिकाण उरत नाही. त्या रिकाम्या जागी हा ‘हक्काचा आठवडा’ येऊन बसला. हॉटेलात माणूस पाहुणा असतो, येथे सभासद असतो. स्वयंपाकघर असते, चहा आपल्या हाताने करता येतो, शेजारच्या खोलीत बहिणीचे कुटुंब उतरवता येते. ज्यांनी हे सुख मनापासून उपभोगले अशी कुटुंबे जयनगरात आहेत आणि त्यांना आपला व्यवहार फसला असे वाटत नाही. ह्या विषयावर बोलणारे बहुधा ही बाजू वगळतात. ती वगळू नये.

आता हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. कोणत्याही एका कंपनीचे ते दर नव्हेत. समजा, सदस्यत्वाची रक्कम तीन लाख रुपये. पंचवीस वर्षे, दरवर्षी सात दिवस, म्हणजे एकूण १७५ रात्री. भागाकार केला तर रात्रीस सुमारे १,७१४ रुपये पडतात, आणि विक्रेत्याचा कागद येथेच संपतो. परंतु ह्या सदस्यत्वाबरोबर देखभालीची म्हणून एक वार्षिक वर्गणी असते. ती आज पंधरा हजार रुपये धरली आणि दरवर्षी शेकडा सहा रुपयांनी वाढत गेली असे मानले, तर पंचविसाव्या वर्षी ती साठ हजारांच्या वर जाते, आणि पंचवीस वर्षांत मिळून सव्वाआठ लाखांच्या घरात रक्कम भरली जाते. म्हणजे आधी भरलेल्या मुख्य रकमेच्या पावणेतीनपट. दोहोंची बेरीज सव्वाअकरा लाखांच्या आसपास येते आणि रात्रीचा खर्च सहा हजार चारशे रुपयांवर जातो. तोही पंचवीस वर्षांत एकही आठवडा चुकला नाही तरच. मुलाची दहावी, आईचे आजारपण, हव्या त्या तारखांना जागा न मिळणे, ह्यांमुळे चार-पाच वर्षे चुकतातच. मुख्य रक्कम बँकेत ठेवली असती तर तिच्यावर मिळाले असते ते व्याज ह्या हिशेबात धरलेलेच नाही. तेव्हा ‘आजच्या भावाने उद्याच्या सुट्या’ हे बोलणे अर्धेच खरे. आजच्या भावाने मिळतो तो फक्त दरवाजा. आत राहण्याचा खर्च ज्या त्या वर्षाच्या भावानेच द्यावा लागतो.

भरभराटीच्या काळात हा हिशेब कोणी करीत नाही. तो केला जातो मंदीची चाहूल लागली म्हणजे. ‘चाहूल’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. प्रत्यक्ष मंदीने जितकी माणसे बदलतात त्याहून पुष्कळ अधिक माणसे तिच्या भयाने बदलतात. २००८ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली तेव्हा जयनगरातील एखाद्या अभियंत्याची नोकरी त्या आठवड्यात गेली नव्हती. पण त्याच्या कंपनीचे गिऱ्हाईक अमेरिकेत होते, आणि रात्रीच्या बातम्यांनंतर घरात जे बोलणे सुरू झाले ते पुढे वर्षभर चालले. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी मेटा व गूगल ह्या कंपन्यांनी अनुक्रमे अकरा हजार व बारा हजार माणसे कमी केल्याची वार्ता आली. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या आपल्याकडील सर्वांत मोठ्या संगणक-कंपनीने सुमारे बारा हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले. ज्यांची नावे ह्या याद्यांत नव्हती त्यांच्याही घरी वही-पेन्सिल निघाली.

अशा वेळी मराठी गृहिणी खर्चाला कात्री लावते तिला एक ठरलेला क्रम असतो. दुधाला हात लागत नाही. मुलांच्या फीला लागत नाही. घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, सासूबाईंचे औषध, ही सगळी देणी जशीच्या तशी राहतात. कात्री प्रथम चालते ती हौसेवर: नवी साडी, बाहेरचे जेवण, आणि सर्वांत आधी सुटीतला प्रवास. ‘यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू’ हे वाक्य प्रत्येक मध्यमवर्गीय घरात केव्हा ना केव्हा उच्चारले गेलेले असते, आणि त्या वाक्यातच त्या वर्गाची खरी ताकद आहे. हौस पुढे ढकलता येते. म्हणूनच ती परवडते. टाइमशेअरने केले ते हे की, घरखर्चातली जी एकमेव बाब बिनदिक्कत पुढे ढकलता येत होती तिचेच पंचवीस वर्षांच्या देण्यात रूपांतर केले. “अहो, यंदा आपण कोठेच जाणार नाही, मग ते पैसे भरावयाचे कशाला?” ह्या साध्या प्रश्नाला करारात उत्तर नसते. जा किंवा जाऊ नका, वर्गणी ठरलेल्या तारखेस द्यावीच लागते. न दिल्यास खोलीची नोंदणी बंद होते, थकबाकीवर व्याज चढते, आणि काही करारांप्रमाणे अखेरीस सदस्यत्वही जाते.

ज्याने मुख्य रक्कम एकरकमी भरली त्याची स्थिती आणि जो हप्त्यांनी भरीत आहे त्याची स्थिती ह्यांत पुन्हा अंतर आहे. पहिल्याचे पैसे गेलेलेच असतात; त्याच्यापुढे प्रश्न असतो तो फक्त वर्गणीचा, आणि तो बहुधा ‘एवढे भरले आहे तर जाऊन येऊ’ असा विचार करतो. त्यामुळे विचित्र गोष्ट घडते. मंदीच्या वर्षी हॉटेले ओस पडतात आणि टाइमशेअरच्या खोल्या त्या मानाने भरलेल्या राहतात. अमेरिकेत २००९ साली हॉटेलांच्या शंभरांतील सुमारे पंचेचाळीस खोल्या रिकाम्या होत्या. टाइमशेअरच्या निवासांची अवस्था त्याहून कितीतरी बरी होती. विक्रेते हा दाखला मोठ्या अभिमानाने देतात. मात्र त्याच दाखल्याची दुसरी बाजू अशी की रिकामी हॉटेले आपले दर उतरवतात, आणि ज्या वर्षी सर्वांना खोली स्वस्त मिळते नेमक्या त्याच वर्षी सभासदाची खोली महाग ठरते. दुसरा, म्हणजे हप्तेवाला, ह्याचे तर दुहेरी मरण. त्याला सोडावे तर भरलेले बुडते, धरावे तर पुढचे भरावे लागते.

मग विकून का टाकत नाहीत? हा प्रश्न परका माणूस नेहमी विचारतो. घर विकता येते, सोने विकता येते, अडीअडचणीला जुनी दुचाकीही विकता येते. परंतु टाइमशेअर विकत घेण्यास कोणी येत नाही. येणारा तरी का येईल? कंपनी नवे सदस्यत्व आकर्षक हप्त्यांनी, भेटवस्तूंसह विकीत असते. जुन्याला हस्तांतराचे शुल्क, कंपनीची संमती आणि उरलेली तोकडी मुदत. भरभराटीत जे कसेबसे अर्ध्या किमतीस जाते ते मंदीत फुकट देऊ केले तरी नको असते, कारण घेणाऱ्याला वर्गणीही घ्यावी लागते. निकड असेल तेव्हाच पैसा उभा न करणारी वस्तू ही मालमत्ता नव्हे, तो खर्च आहे. ज्यांनी तो खर्च समजून केला ते सुखी राहिले. ज्यांनी त्याला गुंतवणूक मानले त्यांचे हाल झाले.

गुंतवणूक मानण्याचा हा भ्रम किती खोल जाऊ शकतो ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज ह्या कंपनीने सुटीतील खोल्यांच्या रात्री विकण्याच्या योजना काढल्या. दिसावयास तो टाइमशेअरच होता; पण त्यात एक कलम असे होते की रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल. कोकणातील, घाटावरील, गिरणगावातील हजारो कुटुंबांनी ते कलम तेवढे वाचले. ज्यांनी आयुष्यात महाबळेश्वर पाहिले नव्हते आणि पाहण्याचा विचारही नव्हता, त्यांनी ह्या रात्री विकत घेतल्या. त्यांना सुटी नको होती. बँकेपेक्षा चार पैसे अधिक हवे होते, आणि दारात येणारा प्रतिनिधी त्यांच्याच आळीतला, नात्यातला होता. सेबीने ३१ जुलै २०१४ रोजी अंतरिम आदेश काढून ही सामूहिक गुंतवणूक योजना असून ती नोंदणीवाचून चालविली जात असल्याचे म्हटले. त्या आदेशानुसार २००२-०३ पासून ५१ लाखांवर लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये गोळा झाले होते. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अंतिम आदेशाने पैसे परत करण्यास सांगितले. २०२२ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. पुण्यात बाणेरला एक रस्ता आजही त्या क्लबच्या नावाने ओळखला जातो. ज्यांचे पैसे अडकले त्यांतले काही त्याच रस्त्याने रोज कामावर जात असतील.

खऱ्या टाइमशेअरला ह्या पंक्तीत बसवणे योग्य नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यात पैसे परत करण्याचे वचन नसते, आणि वचन नसते म्हणूनच तो सामूहिक गुंतवणूक योजना ठरत नाही. तथापि दोहोंत एक धागा समान आहे. आज भरलेल्या पैशांच्या बदल्यात पुष्कळ वर्षांनी द्यावयाची सेवा, ही दोहोंची रचना आहे. आणि अशा रचनेत सेवा देणारा तितकी वर्षे टिकला पाहिजे. स्टर्लिंग कंपनी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अडचणीत आली, आणि सभासदांना त्याचे चटके बसले. २०१४ साली थॉमस कुकच्या भारतीय कंपनीने ती घेतल्यावर तिला स्थैर्य आले. नव्या सभासदांच्या प्रवेशमूल्यातून नवी निवासस्थाने बांधावयाची, हा धंद्याचा क्रम असला म्हणजे मंदीत नवे सभासद आटले की बांधकाम आटते, आणि जुन्यांच्या मागणीला खोल्या कमी पडतात. हिशेबाच्या रीतीत मात्र पुढे एक चांगली सुधारणा झाली. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या लेखामानकाप्रमाणे पंचवीस वर्षांच्या सेवेसाठी घेतलेली रक्कम एकाच वर्षाचे उत्पन्न म्हणून मोठ्या प्रमाणावर दाखवता येत नाही. ती सेवेच्या वर्षांवर पसरावी लागते. ताळेबंद त्यामुळे थोडे फिके दिसू लागले, पण अधिक खरे झाले. सभासद होण्यापूर्वी कंपनीचा ताळेबंद पाहणारा माणूस विरळा. जयनगरात बँकेतून निवृत्त झालेले इतके लोक आहेत की निदान तेथे तरी असे काहीजण असावेत.

२०२० साली जे घडले त्याला मंदी म्हणावे की आणखी काही, हा वाद पंडितांचा आहे. २५ मार्चपासून देश बंद झाला. खोल्या होत्या, सभासद होते, आठवडा होता. जाण्याची वाट तेवढी नव्हती. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना आधी तीन आणि नंतर आणखी तीन महिन्यांची स्थगिती दिली. परंतु टाइमशेअरची वर्गणी हे कर्ज नव्हे, त्यामुळे ती सवलत तिला आपोआप लागू झाली नाही. जे निवासस्थान कुलूपबंद आहे त्याची देखभाल कसली, असे सभासद विचारू लागले. कुलूपबंद इमारतीचीही देखभाल करावीच लागते, माळ्याचा आणि रखवालदाराचा पगार द्यावाच लागतो, हे कंपन्यांचे उत्तर. दोन्ही बाजूंत काही अंशी सत्य होते, आणि करारनामा मात्र एकाच बाजूने लिहिलेला होता.

युरोपात ह्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार सही केल्यापासून चौदा दिवसांत गिऱ्हाइकाला कारण न देता माघार घेता येते, आणि त्या मुदतीत त्याच्याकडून पैसे घेण्यासही बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. करारांत बहुधा थोड्या दिवसांची मुभा लिहिलेली असते. पण भेटवस्तूचे वेष्टन सोडण्यातच ते दिवस निघून जातात. आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायद्याचा. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना प्रथमच आली. एका पक्षाला कारणाशिवाय करार मोडण्याचा अधिकार, कराराच्या भंगाबद्दल नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, अशी कलमे ह्या व्याख्येत येतात. करारच अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते. खोली दिली नाही, सेवेत कसूर केली, अशी तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे करता येते. घटना घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. आणि सर्वांत उपयोगाची तरतूद अशी की तक्रारदार जेथे राहतो तेथेच त्याला दाद मागता येते. करारात मुंबईचे किंवा चेन्नईचे न्यायालय लिहिले असले तरी जयनगरच्या रहिवाशाला ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी बंगळूर सोडावे लागत नाही. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि न्यायालयाचे नाव वाचूनच ते कागद पुन्हा कपाटात ठेवतात.

व्यवहारात जयनगरसारख्या ठिकाणी लोकांनी आपापल्या परीने वाटा शोधल्या आहेत. काहीजण भयाच्या वर्षी आठवडा न वापरता पुढील वर्षासाठी साठवतात. बहुतेक योजनांत तशी सोय असते, तिलाही मुदत असते. काहीजण वर्गणी भरून आठवडा पुतण्याला किंवा व्याह्यांना देतात आणि निम्मी वर्गणी त्यांच्याकडून घेतात; एवढी रोख व्यवहारबुद्धी नात्यात चालते का, असा संकोच पहिल्या वर्षी होतो, दुसऱ्या वर्षी होत नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा वृद्ध दांपत्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. सदस्यत्व घेताना मुले लहान होती. आता डोंगरातला चढ झेपत नाही, मुलगा तीन वर्षांतून एकदा येतो, आणि तिकडे त्याच्याच नोकरीची काळजी. वर्गणी दरवर्षी वाढते, निवृत्तिवेतन त्या मानाने वाढत नाही. ज्यांना बँकेच्या व्याजावरच भागवावे लागते त्यांचे तर उत्पन्न व्याजाचा दर उतरला की उतरते. आणि मंदी आली की मध्यवर्ती बँका दर उतरवतात. म्हणजे तरुणाला मंदीचे भय नोकरीच्या वाटेने येते, तर वृद्धाला व्याजाच्या वाटेने.

पंचवीस वर्षे ही मुदत सही करताना अनंत वाटते. पण १९९७ साली घेतलेले सदस्यत्व २०२२ साली संपलेही. त्या पाव शतकात दोन हजार एकची संगणक-मंदी, दोन हजार आठची जागतिक मंदी आणि दोन हजार वीसचे संकट, अशी तीन वादळे येऊन गेली, आणि तिन्ही वेळी वर्गणीचे पत्र ठरलेल्या तारखेसच आले. मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही. मिळते ते नव्या सदस्यत्वाचे निमंत्रण, जुन्या सभासदांसाठी खास सवलतीच्या दराने. ते निमंत्रण आता साठी-सत्तरीतल्या आईवडिलांच्या नावाने नव्हे, तर मुलांच्या नावाने येते, आणि सायंकाळी सपत्नीक येण्याची विनंती त्यात पूर्वीसारखीच असते.